चाफ्याचा चीक

माझ्या भावाला लढाईवर मी पाठवलं. गावात आजही कोणाला विचारा, सांगतील की देवीनं कौल दिला आणि पाटलाचा थोरला फौजेत गेला. साफ खोटं आहे ते. देवीचा त्यात काडीचा संबंध नव्हता. आता बोलायला हरकत नाही, कारण हे ऐकून ज्यांचा जीव तुटला असता ती सगळी माणसं गेली, आणि मी तरी आता किती दिवस टिकणार आहे?

आमचं गाव शहापूर तालुक्यातलं, किन्हवलीपासून कोसभर आत. घरची भाताची शेती, डोंगरउताराच्या वरकस जमिनीत नाचणी-वरी, गोठ्यात चार बैल. बा गावचा पोलीस पाटील. खाऊनपिऊन बरं होतं आमचं. आम्ही दोघे भाऊ, दादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. गावातली शाळा चौथीपर्यंत, आणि तीसुद्धा मास्तरांच्या मर्जीवर चालायची. म्हणून मला सहाव्या वर्षीच मुरबाडला मामाकडे धाडलं आणि दादाला शहापुरात आत्याकडे ठेवलं. शहापूर जवळ, त्यामुळे दादा दर शनिवारी घरी. मी मात्र दिवाळीला आणि गणपतीला पाहुण्यासारखा यायचो, आणि चार दिवसांनी मामाची बैलगाडी दारात उभी असायची. मुरबाडची ती वर्षं ध्यानात ठेवा. सगळा घात तिथून झाला.

पुढे इंग्रजी शाळेसाठी दोघेही कल्याणला एका खोलीत राहायला आलो. मधे दादाची दोन वर्षं वाया गेली होती, एक विषमज्वरात, दुसरं बाचा पाय कुऱ्हाडीनं कापला तेव्हा शेतावर. त्यामुळे तो आणि मी एकाच वर्गात, एकाच बाकावर. लोक हसायचे. दादाला त्याचं काही वाटायचं नाही. त्याला कशाचंच काही वाटायचं नाही, हातात गणित असलं म्हणजे झालं. चुलीवर पिठलं रटरटतंय, एका हातात पळी आणि दुसऱ्या हातानं जमिनीवर कोळशानं आकडे लिहितोय, असा तो. पिठलं किती वेळा करपलं त्याची मोजदाद नाही. मी ओरडलो की म्हणायचा, "अरे, उत्तर तर आलं ना!" जणू मी उत्तर खाणार होतो.

मी अभ्यासात यथातथाच. त्यानं समजावलं म्हणून सातवीपासून मॅट्रिकपर्यंत ढकलत आलो. पण अंगानं मी दांडगा. भाताची गोणी एकटा उचलायचो. दादा म्हणजे हाडं आणि कातडं, त्या तापानंतर त्याचं अंग काही भरलंच नाही. दोघांना शेजारी उभं करून परक्या माणसाला विचारलं असतं, की यातला कॉलेजात कोण जाईल आणि फौजेत कोण, तर त्यानं क्षणभर विचार केला नसता.

लढाई तेव्हा ऐन भरात होती. कल्याणच्या टेसनात उभं राहिलं की शिपायांनी भरलेल्या गाड्या कसाऱ्याकडे जाताना दिसायच्या. भरतीची माणसं तालुक्याच्या गावी यायला लागली. शहापुरात सगळ्या पाटलांना बोलावून सांगितलं, की गावोगाव पोरांना समजवा, पगार आहे, कपडा आहे, पोटभर जेवण आहे. जबरदस्ती कोणी केली नव्हती, ते कबूल केलं पाहिजे. पण बाचा स्वभाव असा, की अर्धं काही जमायचं नाही. गावात परतला आणि चावडीवर सगळ्यांपुढे म्हणाला, "दुसऱ्याच्या पोराला मी कुठल्या तोंडानं सांगू? माझ्या घरातला एक मी देतो. मंग तुमी तुमचं बघा."

त्या एका वाक्यावर चार घरांनी आपापल्या पोरांची नावं दिली. पाटील स्वतःचा पोरगा देतोय म्हटल्यावर मागे कोण राहील? आता बाला शब्द फिरवता येईना. फिरवला असता तर त्या चार आया दारात येऊन बसल्या असत्या.

आम्ही परीक्षा देऊन घरी आलो तेव्हा आयनं हे सांगितलं. सांगता सांगता भाकरी थापत होती, ती भाकरी तिच्या हातात फाटली. निकाल लागेपर्यंत कोणी विषय काढला नाही. मग निकाल लागला. दादाला इतके मार्क की शाळेच्या हेडमास्तरांनी बाला पत्र लिहिलं, हा मुलगा सायन्सला मुंबईला गेलाच पाहिजे, वाया घालवू नका. मीही पास झालो, कसाबसा. घरात दोन मॅट्रिक, आणि आनंदाचा मागमूस नाही.

दुपारची जेवणं झाली होती. ओट्यावर बा सुपारी कातरत बसला होता. मी म्हटलं, "बा, मी जातो फौजेत. दादाला कॉलेजात धाड."

"गप रे," दादा म्हणाला. "मी थोरला. आधी माझा नंबर. बा, माझं नाव दे."

"तुझ्या हातात बंदूक दिली तर बंदूकच तुला घेऊन पडेल!"

"पडेन तर पडेन. अठराचा नाय झालास अजून नीट, निघालाय लढाईला."

असं आमचं जुंपलं. नेहमीसारखंच, चेष्टेच्या सुरात. दारातून आय म्हणाली, "दोघंबी नको जाऊ," आणि आत निघून गेली. बानं अडकित्ता खाली ठेवला.  म्हणाला, "दोघं मी जातो, मी जातो करताय. एकाला मी माझ्या तोंडानं जा म्हनू, तर दुसऱ्याकडे उद्या बघू कसा? माझ्यानं नाय व्हायचं. देवीला विचारू. ती सांगेल ते."

गावदेवीचा कौल म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. देवीची शेंदूर लावलेली शिळा. गुरव ती धुतो आणि ओल्या शिळेवर चाफ्याच्या दोन पाकळ्या चिकटवतो, एक देवीच्या उजव्या अंगाला, एक डाव्या. मग सगळ्यांनी हात जोडून उभं राहायचं. पाणी सुकत आलं की एक पाकळी आधी सुटून पडते. तोच जबाब. जमिनीचं भांडण, सोयरीक, बैल हरवला, सगळं असं विचारायचं. बानं ठरवलं, उजवी पाकळी थोरल्याची, डावी धाकट्याची. ज्याची आधी पडेल तो फौजेत जाईल. मंगळवार ठरला.

मला काही हे रुचेना. मला देवीवर सोडायचंच नव्हतं. मला माहीत होतं कोणी जायला पाहिजे. दादा परेडीत चार दिवस टिकला नसता. मी टिकलो असतो. उगाच मोठेपणा म्हणून नाही सांगत, मला कॉलेजाची भीतीच वाटायची. चार वर्षं आणखी ती पुस्तकं, आणि या वेळी शेजारी समजावायला दादा नाही. फौज म्हणजे सुटका वाटत होती मला. म्हणून मी ठरवलं, की दादाची पाकळी पडूच द्यायची नाही.

सोमवारी भर दुपारी देवळात गेलो. जेठातलं ऊन, गुरवकाका आपल्या घरात घोरत पडलेले, आवारात चिटपाखरू नाही. देवळाच्या अंगणातच पांढऱ्या चाफ्याचं झाड होतं, पानं कमी आणि फुलंच फुलं. त्याची एक फांदी मोडली की दुधासारखा चीक येतो, हाताला लागला तर दोन दिवस जात नाही. तो मी वाटीत धरला आणि शिळेच्या उजव्या खांद्यावर बोटानं चोपडला. सुकेपर्यंत थांबलो. सुकल्यावर दिसेना, पण बोट लावलं की ओढ लागायची. देवीला म्हटलं, "आई, रागावू नको. भल्यासाठी करतोय." भल्यासाठी! मी तेव्हा खूश होतो स्वतःवर. घरी येताना शीळ घालत आलो.

मंगळवारी सकाळी अर्धा गाव देवळात. ज्या चौघांची नावं गेली होती ते, त्यांचे बाप, आत्या शहापुराहून आलेली. आय आली नाही. दादा आणि मी पुढे, अंघोळ करून, ओलेत्यानं. गुरवकाकांनी शिळेवर तांब्या ओतला, हातानं चोळलं, पुन्हा ओतला. जरासे थांबले. मला वाटलं, चीक कळला की काय. पण काही बोलले नाहीत. ताटातली पाकळी उचलली आणि मोठ्यानं म्हणाले, "आई, तुझ्या उजव्या अंगाला पाटलाचा थोरला."

आणि त्यांचा हात गेला आमच्या डावीकडे.

मला आधी समजेना. वाटलं, काका चुकले. मग डोक्यात लख्ख झालं. मुरबाडला मामाच्या गावात, जिथं मी लहानाचा मोठा झालो, तिथं उजवं म्हणजे समोर उभं राहणाऱ्याचं उजवं. दहा वेळा पाहिला होता मी तिथला कौल. तीच रीत सगळीकडे असते असंच मी धरून चाललो होतो. पण आमच्या गावात उजवं म्हणजे देवीचं उजवं. ती आपल्याकडे तोंड करून बसलेली, तेव्हा तिचं उजवं आपल्या डाव्या हाताला. गावातल्या शेंबड्या पोराला हे ठाऊक. दादाला ठाऊक. फक्त मला नाही, कारण मी या गावचा असून पाहुणा होतो.

"डाव्या अंगाला धाकटा," असं म्हणून त्यांनी माझी पाकळी बरोब्बर चीक लावलेल्या जागी दाबून बसवली.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. अर्धा तास असेल, कमी असेल. सगळे हात जोडून, कोणी खोकतसुद्धा नव्हतं. मी त्या दोन पाकळ्यांकडे बघत होतो. ओरडायला काय लागत होतं? थांबा, मी चीक लावलाय, एवढं म्हणायचं. बानं मुस्काटात मारली असती, गावानं थू थू केली असती, पुन्हा शिळा धुतली असती आणि पुन्हा कौल लागला असता. बास, एवढंच झालं असतं. मी जीभ उचलली नाही. पहिल्यांदा भीतीनं, हे खरं. पण मग भीतीच्या आड दुसरं काहीतरी यायला लागलं, आणि ते मी अजून विसरलेलो नाही. मला बरं वाटायला लागलं. आपल्याला नाही जावं लागणार, असं कोणीतरी आतून गोड आवाजात सांगत होतं. मी जातो, मी जातो म्हणणारा मी, त्या क्षणी मला कळलं की मला जायचं नव्हतं. मरायची भीती मलाही होती, आणि ती मी गोणीएवढ्या छातीत लपवून ठेवली होती.

दादाची पाकळी सुटली. घरंगळत शिळेच्या पायाशी आली. माझी तशीच चिकटून राहिली, जणू खिळा मारलाय. बानं खाली वाकून ती पडलेली पाकळी उचलली आणि मुंडाशात खोवली.

"झालं," दादा म्हणाला. माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "वाचलास लेका."

त्यानंतर दादा जाईपर्यंत पंधरा दिवस मिळाले होते मला. पंधरा दिवस म्हणजे थोडके नव्हेत. रोज सकाळी उठून ठरवायचो, आज बाला सांगायचं. रोज काहीतरी निघायचं. बा शेतावर गेलाय, आय रडतेय, आत्या बसलीय. निमित्तं काय, काढली की निघतात.

भरतीची तपासणी शहापुरात होती. मी बरोबर गेलो. मनात एकच आशा, की दादा छातीत नापास होईल. झालाच असता. फीतवाल्या शिपायानं मोजलं, म्हणाला, कमी पडते, श्वास भर आणि रोखून धर. दादानं श्वास भरला. तरी कमी. "जाऊ दे याला," मी मनात म्हणत होतो, "जाऊ दे, नापास कर, घरी पाठव." दादानं डोळे मिटले, मान ताठ केली आणि असा श्वास ओढला की कपाळावरची शीर तट्ट फुगली. शिपाई म्हणाला, ठीक. दादा श्वास सोडून माझ्याकडे वळला, धापा टाकत हसला. "बघ, इथंबी पास झालो की रे!"

मला त्याचं काही कळेना. तो सहज नापास होऊ शकला असता. अर्धा श्वास कमी घ्यायचा होता फक्त. वाटलं, देवीचा शब्द म्हणून करतोय. मॅट्रिक झालेला म्हणून त्याला बिनतारीच्या कामाला घेतलं, तेवढंच बरं वाटलं.

आसनगावच्या फलाटावर त्याला पोचवायला बा आणि मी, शिवाय त्याच्याबरोबर जाणारे ते चौघे आणि त्यांची माणसं. आय देवळात जाऊन बसली होती. गाडी येईपर्यंत दादा माझ्याशी पुस्तकांचंच बोलत होता. कोणतं आधी वाच, कोणत्या प्रकरणात अडशील, अडलास तर मला लिही. गाडी आली. चढता चढता त्यानं माझा खांदा धरला आणि हळूच म्हणाला, "मन लावून शीक. आणि मनात काय ठेवू नको हां. माझ्या मनात काय नाय." मी मान हलवली. निरोपाचं बोलणं, माणसं असं बोलतातच, म्हणून मी त्यावर विचार केला नाही.

मुंबईला मी सायन्सलाच नाव घातलं. दादाची जागा म्हणून. दुसरं काही घेण्याची छाती झाली नाही, आणि सायन्स घेण्याची लायकी नव्हती. वर्गात फळ्यावर लिहिलेलं माझ्या डोक्यावरून जायचं. मी अडलेली गणितं दादाला पत्रात लिहून पाठवायचो आणि तो ती सोडवून पाठवायचा. कुठून, ते कळायचं नाही. गावांची नावं तपासनीस शाईनं काळी करत. ब्रह्मदेशाच्या बाजूला आहे एवढं बाला कोणीतरी सांगितलं होतं. पत्र यायला दोन महिने लागत, तोवर इकडे परीक्षा होऊन मी नापासही झालेला असे. पण त्याची उत्तरं अशी स्वच्छ, पायरी पायरीनं, बाजूला खूण करून, इथं तू घसरलास. खाली चेष्टा ठरलेली. कॉलेजात तू बसलायस आणि गणितं मी करतोय चिखलात बसून, हा कुठला न्याय! मी हसायचो वाचून. देवाशपथ, हसायचो.

मग सरकारी कागद आला. बेपत्ता. मेला असंही नाही, जिवंत असंही नाही. बा तो कागद घेऊन शहापूरला गेला, कल्याणला गेला, या साहेबाकडून त्या साहेबाकडे गेला. सगळ्यांनी खुर्ची दिली, चहा दिला, माहिती कोणीच दिली नाही. लढाई संपली. चौघांतले तिघे परत आले. एक तर दोन बोटं कमी घेऊन आला आणि त्याची आई गावभर साखर वाटत फिरली. दादाचं काही आलं नाही.

मी इंटरला दोनदा आपटलो आणि कॉलेज सोडलं. मुरबाडच्या बाजूला एका प्राथमिक शाळेत मास्तर म्हणून लागलो. हेडमास्तर म्हणाले होते वाया घालवू नका. वाया घालवायचं म्हणजे किती घालवायचं? एक भाऊ घालवला, त्याची जागा घालवली, आणि सातवीच्या पोरांना त्रैराशिक शिकवतानासुद्धा मला त्याचंच उत्तर आठवावं लागायचं.

बा दोन वर्षांत खचला. पाटीलकी सोडली. त्या चारातल्या न परतलेल्या एका पोराचा बाप समोरून आला की रस्ता बदलायचा. पण आय टिकली, आणि कशावर टिकली ते ऐका. "देवीनं मागितला, देवीला दिला," असं ती म्हणायची. दर मंगळवारी देवळात जायची आणि शिळेच्या उजव्या अंगाला, देवीच्या उजव्या, दादाच्या जागी, चाफ्याचं एक फूल ठेवून यायची. तिचा सगळा आधार तेवढाच. तो काढून घ्यायचा तर तिला सांगायचं काय? की देवीनं नाही मागितला, तुझ्या दुसऱ्या पोराला उजवं-डावं कळलं नाही, आणि कळल्यावर तोंड उघडलं नाही? मी मूग गिळून बसलो. आता तर गप्प बसणं हीच दया, असं स्वतःला सांगायची सोय झाली होती.

पण कोणाला तरी सांगितल्याशिवाय जीव राहीना. स्वातंत्र्य येऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल. दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो होतो. एका सकाळी उठून गुरवकाकांकडे गेलो. म्हातारे झाले होते, पूजा आता त्यांचा मुलगा करायचा. ते दारात उन्हाला बसून पळसाच्या पानांच्या पत्रावळी टाचत होते. मी समोर बसलो. म्हटलं, "काका, त्या कौलाबद्दल सांगायचंय."

"चीक लावलेलास ते?" त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

"तुमाला कसं कळलं?" मी विचारलं.

"शिला धुताना हाताला लागला की माझ्या. चाळीस वर्सं ती शिला धुतलीय मी, मला नाय कळणार? मला वाटलेला, तूच आसशील. तोंडानं मी जातो, मी जातो, आन हातानं चीक. आपली पाकळी पडू नये म्हणून."

"नाही काका! माझी नाही, दादाची पडू नये म्हणून लावला होता. मला जायचं होतं. मुरबाडला उजवं आपल्या हाताचं धरतात. माझी बाजू चुकली."

त्यांनी हातातलं पान खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, पण विश्वासानंही नाही.

"मंग तवाच का नाय बोल्लास?"

 

"तुमी का नाही बोललात?" मी विचारलं. आवाज चढला माझा. स्वतःचं पाप दुसऱ्याच्या पदरात टाकायला माणूस किती पटकन पुढे होतो.

"बोललो," काका म्हणाले. "लोकांम्होरं नाय बोललो, पाटलाची अब्रू गेली असती. सांजच्याला तुझ्या दादाला गाठला देवळामागं. म्हटलं, पोरा, तुझ्या भावानं चीक लावलाय, हा कौल काय खरा नाय, पाटलाला सांगून पुन्हा लावू. तर हात जोडले त्यानं. म्हणतो, काका, कोणाला सांगू नका. त्याला शिकायचं असेल, भीतीबी वाटत असेल, तोंडानं बोलवत नसेल. लहान हाय. राहू द्या, मी जातो."

पुढे ते आणखी काही म्हणाले असतील. मला ऐकू आलं नाही. मला दिसत होता तो शहापुरातला फीतवाला शिपाई, आणि दादाच्या कपाळावरची फुगलेली शीर. फलाटावरचा खांद्यावरचा हात. माझ्या मनात काय नाय. दोन वर्षं चिखलात बसून माझी गणितं सोडवणारा माझा भाऊ मला चोर समजून गेला, आणि चोराला माफ करून गेला. त्याला खरं काय ते सांगायला जगात आता जागा नाही. आणि सांगितलं असतं तरी त्यानंही हेच विचारलं असतं, मग तेव्हाच का नाही बोललास.

काकांनी पुन्हा पान उचललं, काडी टोचली. मी उठलो.

घरी आलो तर आय अंगणात भात वाळत घालत होती. पायानं दाणे पसरत पसरत तिनं विचारलं, "कुठं गेलतास रे सकाळी सकाळी?"

"देवळाकडे."

"बरं केलंस. दादाच्या बाजूला फूल ठेवलंस ना?"

"ठेवलं," मी म्हटलं.